ओईटी रायटिंग: प्रिपोझिशनची यादी पाठ आहे, पत्रात मात्र चुकतंच. काय करावं?

सांगलीचा_ब्रदर

नमस्कार मंडळी. सांगलीत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. जीएनएम केलं, मग पोस्ट बेसिक. दहावीपर्यंत मराठी माध्यम. यूकेच्या एनएमसी (तिथली नर्सिंग कौन्सिल) रजिस्ट्रेशनसाठी ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा, दिली. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हींत बी मिळाला. रायटिंगला २९० वर अडकलो. एनएमसीला तिथे सी प्लस, म्हणजे ३०० लागतात.

सरावाची पत्रं ज्या मॅडमकडून तपासून घेतो त्यांचं म्हणणं, मजकूर बरोबर निवडता, परिच्छेद नीट पाडता, पण दर दोन ओळींनी एक प्रिपोझिशन लाल होतं. क्लासने 'ए टू झेड' यादी दिली आहे: अबाइड बाय, अब्सॉर्ब्ड इन, अक्यूज्ड ऑफ, अशी झेडपर्यंत. नाइटला पेशंट स्थिर असले की तीच काढून बसतो. कुणी विचारलं तर धडाधड सांगेन. पत्र लिहायला घेतलं की त्यातलं एकही वेळेवर हाताशी येत नाही. तपासलेल्या पत्रांतली वाक्यं जशीच्या तशी देतो:

'शी इज ॲलर्जिक फ्रॉम पेनिसिलिन.'
'ही वॉज ऑपरेटेड फॉर हर्निया.'
'आय डिस्कस्ड अबाउट डाएट विथ हर डॉटर.'
'ही हॅज कफ सिन्स थ्री डेज.'

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या जोड्या हातात बसाव्यात म्हणून नेमकं काय करायचं? आणि ओईटी सोडून आयल्ट्स, म्हणजे सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा, द्यावी का? घरी सगळे तेच सुचवतायत.

कोल्हापूर_ते_लीड्स

ब्रदर, आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलते. आयल्ट्सकडे वळू नका. एनएमसीला तिथे रायटिंगमध्ये ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. ॲकॅडमिक आयल्ट्समध्ये १५० शब्दांत आलेख किंवा तक्ता मांडायचा आणि २५० शब्दांचा निबंध लिहायचा. निबंधाचा विषय काहीही येतो, शहरातली वाहतूक म्हणा, मुलांचा मोबाइल म्हणा. प्रत्येक विषयाच्या जोड्या वेगळ्या. ओईटीत तुम्हाला एकच पत्र लिहायचं असतं, १८० ते २०० शब्दांचं, आणि तेही आपल्याच कामातलं: रेफरल, डिस्चार्ज नाहीतर ट्रान्सफर. त्यात मोजक्याच जोड्या फिरून फिरून येतात. 'अक्यूज्ड ऑफ' तुम्हाला त्या पत्रात कधीच लागणार नाही. ती यादी आजच बाजूला ठेवा.

आता मुख्य मुद्दा. तुमच्याच पत्रात प्रिपोझिशन का सांडतात? पेपरात पेशंटच्या ज्या केस नोट्स देतात त्या पुन्हा एकदा नीट बघा. तिथे लिहिलेलं असतं: 'ॲडमिटेड १२ मार्च, चेस्ट पेन. हायपरटेन्शन, टेन इयर्स. ॲलर्जी: पेनिसिलिन. मेटफॉर्मिन.' सगळे मोठे शब्द परीक्षक देतो आणि छोटे शब्द काढून घेतो. पेपर तसाच बेतलेला आहे. तुम्ही दिलेलं उतरवता, तेव्हा मोठे शब्द बरोबरच येतात. मधली भर तेवढी तुमची असते आणि लाल शाई नेमकी तिथेच पडते. म्हणून सरावसुद्धा तिथूनच करायचा. ओईटीच्या संकेतस्थळावर नमुना पेपर फुकट आहेत. एक घ्या, पूर्ण पत्र लिहू नका. नोट्सची एकेक ओळ घेऊन तिचं एकेक वाक्य करा आणि नमुना उत्तराशी ताडून पाहा. एका बैठकीत एवढंच.

एक शब्द उघडून दाखवते. 'ॲडमिटेड' घ्या. कुठे? 'टू हॉस्पिटल'. काय त्रास घेऊन? 'विथ चेस्ट पेन'. कशासाठी? 'फॉर ऑब्झर्व्हेशन'. कधी? 'ऑन १२ मार्च'. कोणाकडे? 'अंडर द केअर ऑफ' अमुक डॉक्टर. पाच प्रश्न, पाच उत्तरं. 'ॲडमिट टू' एवढंच पाठ केलं तर बाकीची चार दारं बंद राहतात. वहीत एका पानावर एकच क्रियापद लिहा आणि खाली हे प्रश्न मराठीत. 'डिस्चार्ज्ड'चं पान: कुठून? 'फ्रॉम हॉस्पिटल'. कुठे? 'टू अ नर्सिंग होम', पण घरी असेल तर नुसतं 'डिस्चार्ज्ड होम', मध्ये 'टू' नाही. कशावर? 'ऑन अँटिबायोटिक्स'. 'रेफर्ड', 'ट्रीटेड', 'प्रेझेंटेड', 'डायग्नोज्ड' एवढी पानं झाली तरी पत्राचा बराचसा भाग सावरतो.

तुमच्याकडे थोडा माल आधीच आहे, त्याकडे लक्ष गेलेलं नाही. वॉर्डात आपण रोज केसपेपरवर 'सी/ओ फीवर', 'एच/ओ अस्थमा' लिहितो. त्यातला 'ओ' म्हणजे 'ऑफ'. 'कम्प्लेन्ड ऑफ', 'हिस्टरी ऑफ'. वर्षानुवर्षं हात तेच लिहितोय, फक्त उलगडून लिहायचं. दुखण्याची तक्रार असेल तर 'ऑफ', जेवणाबद्दल कुरकुर असेल तर 'अबाउट', हाही फरक त्यातच कळतो. 'के/सी/ओ' मात्र पत्रात आणू नका. 'नोन केस ऑफ डायबेटिस' इथे माणसाबद्दल लिहीत नाहीत, सरळ 'शी हॅज डायबेटिस' लिहितात.

तुमचं हर्नियाचं वाक्य 'ही वॉज ऑपरेटेड ऑन फॉर अ हर्निया' असं होईल. 'ऑपरेटेड'नंतरचा 'ऑन' आपल्याकडे सगळ्या हॉस्पिटलांत गळतो, कारण आपण एकमेकींशी तसंच बोलतो. दोन प्रिपोझिशन शेजारी आल्यावर गोंधळ होत असेल तर क्रियापदच बदला: 'ही अंडरवेंट हर्निया रिपेअर.' सगळा प्रश्नच मिटतो. परीक्षेत ज्या जोडीची खात्री नाही ती टाळून दुसरं वाक्य करणं हे कौशल्यच आहे, त्यात कमीपणा मुळीच नाही.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक_सातारा

ताईंनी पत्राची बाजू छान सांगितली. मी मराठीच्या बाजूने सांगतो, कारण ब्रदरांची चारही वाक्यं मराठीत मनात तयार झालेली आहेत आणि मराठीत ती अगदी शुद्ध आहेत.

'तीन दिवसांपासून खोकला आहे.' 'सोमवारपासून खोकला आहे.' मराठीला दोन्हींकडे 'पासून' चालतं. इंग्रजी विचारतं की तुम्ही कालावधी सांगताय की सुरुवातीचा क्षण? तीन दिवस हा कालावधी, म्हणून 'फॉर थ्री डेज'. सोमवार ही सुरुवात, म्हणून 'सिन्स मंडे'. आणि क्रियापद 'ही हॅज हॅड अ कफ', कारण खोकला तेव्हा सुरू झाला आणि अजून आहे. माझ्या वर्गात ही एकच चूक पाचवीपासून बारावीपर्यंत मुलांबरोबर वर चढत यायची.

दुसरं, आपला 'शी'. मुलीशी बोललो, मुलीशी संपर्क साधला, डॉक्टरांशी सहमत झालो, शिक्षकाशी लग्न झालं. मराठीत एकच प्रत्यय. इंग्रजीत 'स्पोक टू', मग 'कॉन्टॅक्टेड'ला काहीच नाही, मग 'अग्रीड विथ', मग 'मॅरीड टू'. तसाच 'ने': कॅन्सरने गेले ('डाइड ऑफ'), औषधांनी बरे केले ('ट्रीटेड विथ'), नर्सने तपासले ('बाय'). उलट 'वर' बहुतेक वेळा साथ देतो: मुलावर अवलंबून, 'डिपेंडंट ऑन', इन्सुलिनवर आहे, 'ऑन इन्सुलिन'. जिथे मराठी साथ देते तिथे वेळ घालवू नका. फसवते तेवढ्याच जोड्या वहीत उतरवा. वही निम्म्याहून पातळ होईल.

आणखी एक नियम आहे. तो मुलांना क्वचितच सांगितला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. काही क्रियापदांना प्रिपोझिशन लागत नाही, पण त्यांच्याच नामाला लागतं. 'वी डिस्कस्ड हर डाएट', पण 'अ डिस्कशन अबाउट हर डाएट'. 'शी रिक्वेस्टेड अ विझिट', पण 'अ रिक्वेस्ट फॉर अ विझिट'. 'आय एम्फसाइज्ड रेस्ट', पण 'एम्फसिस ऑन रेस्ट'. 'द ड्रग अफेक्टेड हिज अपेटाइट', पण 'अॅन इफेक्ट ऑन हिज अपेटाइट'. 'डिस्कस अबाउट' येतं ते या नामाच्या ओढीने, आणि मराठीतल्या 'आहाराबद्दल चर्चा'च्या ओढीने. दोन्ही ओढी एकाच दिशेने असल्यावर विद्यार्थ्याला दोष कसा द्यायचा? शब्दकोश पाहताना क्रियापद आणि नाम या दोन्ही नोंदी उघडून पाहायची सवय लावा. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशांत ही जोडी ठळक अक्षरांत दिलेली असते.

डे_शिफ्ट_पुणे

मी ओईटी पास झाले, सध्या सीबीटीची, म्हणजे एनएमसीच्या संगणकावरच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. वरच्या दोघांशी सहमत, फक्त पाठांतराला अगदीच मोडीत काढू नका. मी अँकी या पाठांतराच्या ॲपवर कार्डं केली होती, पण यादीतली नाही. तपासून आलेल्या स्वतःच्या पत्रातलं दुरुस्त वाक्य घ्यायचं, प्रिपोझिशनच्या जागी गाळलेली जागा ठेवायची आणि पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायचं. वाक्य आपल्याच पेशंटचं असतं म्हणून लक्षात राहतं.

ऐकून शिकू असं समजू नका. बोलताना इंग्रज लोक 'ऑफ', 'टू', 'फॉर' इतके दाबून टाकतात की 'हिस्टरी ऑफ' मधला 'ऑफ' नुसता 'अव्'सारखा कानावर येतो. आधी माहीत असेल तरच ऐकू येतो. पण एकदा माहीत झाला की लिसनिंगच्या पार्ट ए मध्ये मदत होते. नोट्समध्ये 'ॲलर्जिक टू' नंतर रिकामी जागा दिसली की कान त्या नावासाठी आधीच तयार असतो.

सांगलीचा_ब्रदर

ताई, सर, मॅडम, मनापासून आभार. नामाचा नियम मला आजवर कुणीच सांगितला नव्हता. ड्यूटीवरून येऊन जुन्या केस नोट्समधून शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहिला. बघाल का?

'मिसेस एक्स हॅज रिस्पॉन्डेड वेल टू ट्रीटमेंट अँड इज कम्प्लायंट टू हर मेडिकेशन. शी लिव्ह्ज अलोन अँड इज ॲट रिस्क फॉर फॉल. शी नीड्स असिस्टन्स विथ बाथिंग. शी फाइंड्स इट डिफिकल्ट टू कोप अप विथ पेन. प्लीज कॉन्टॅक्ट टू मी फॉर एनी क्वेरीज. आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.'

कोल्हापूर_ते_लीड्स

'रिस्पॉन्डेड टू' आणि 'असिस्टन्स विथ' अगदी बरोबर. बाकीचं असं:

'कम्प्लायंट विथ'. क्रियापद 'कम्प्लाय विथ', नाम 'कम्प्लायन्स विथ', तिन्हीकडे 'विथ'. सरांचा नियम इथे लागत नाही, म्हणून एका दमात पाठ होतं. 'ॲट रिस्क ऑफ फॉल्स', अनेकवचनात. हे दोन शब्द इथे वॉर्डात रोज कानावर पडतात, पक्के करून ठेवा. 'कोप विथ पेन', मधला 'अप' काढा. तो 'अप' आपल्या भारतीय इंग्रजीत सगळीकडे आहे, म्हणून खटकत नाही. 'प्लीज कॉन्टॅक्ट मी विथ एनी क्वेरीज'. इथे 'टू' कुठून आला ते सरांनी सांगितलेलंच आहे.

शेवटच्या ओळीत 'टू हिअरिंग फ्रॉम यू'. हा 'टू' प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे 'इंग'वालं रूप. खात्री करायची असेल तर 'टू'च्या पुढे नाम ठेवून बघा: 'लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' जमतं, म्हणजे 'हिअरिंग'च. तसंच 'रिस्पॉन्सिबल फॉर ड्रेसिंग द वूंड', 'ॲडव्हाइज्ड अगेन्स्ट लिफ्टिंग'.

परीक्षेच्या दिवसासाठी एक गोष्ट. ४५ मिनिटांतली पहिली ५ फक्त वाचायची असतात, लिहायला परवानगी नसते. तेव्हा नोट्समधल्या ज्या ओळी घेणार असाल त्यांची वाक्यं मनात छोट्या शब्दांसकट पूर्ण म्हणून घ्या. जिथे अडखळाल तिथे दुसरं क्रियापद तेव्हाच ठरवून टाका. आणि फेरपरीक्षेची तारीख घेण्याआधी एनएमसीच्या संकेतस्थळावर क्लबिंगच्या अटी वाचा. दोन परीक्षांचे गुण एकत्र धरता येतात, पण त्याला मुदत आहे आणि प्रत्येक भागात किमान गुणांची अट आहे. तुमचे तीन बी त्यात बसत असतील तर दुसऱ्या वेळी सगळा भार रायटिंगवर देता येईल.

पुढचं पत्र पूर्ण लिहून इथेच टाका. माझी शनिवार-रविवार सुट्टी आहे, निवांत बघते.