बेंटोनाइटवर निकेल चढवलं, पण तिसऱ्या तासालाच रिॲक्टर तुंबतो

प्रश्न: इथेनॉलच्या स्टीम रिफॉर्मिंगमधून (म्हणजे वाफेसोबत तापवून तोडून) हायड्रोजन काढतोय. निकेलला आधार म्हणून ॲल्युमिनाऐवजी (ॲल्युमिनियम ऑक्साइड) बेंटोनाइट ही चिकणमाती घेतली कारण स्वस्त आणि मुबलक, आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतलं म्हणजे सरफेस एरिया वाढेल, मग त्यावर उत्प्रेरक म्हणून १० टक्के निकेल चढवून ५०० अंशांना भाजलं, रिड्यूस केलं (ऑक्साइडचं धातूरूप निकेल केलं). सुरुवातीला हायड्रोजन मस्त येतो, पण दोन-तीन तासांत प्रेशर चढतं आणि ट्यूब उघडली की आत काजळीसारखा फुललेला भुगा, भरला होता त्यापेक्षा जास्तच निघतो! गॅसमध्ये इथिलीनपण दिसतंय. चुकतंय कुठे?

उत्तर: इथिलीनमध्येच उत्तर आहे बघा. मातीवरच्या ॲसिड जागा इथेनॉलमधलं पाणी काढून घेतात, इथिलीन बनतं आणि त्याचाच पुढे कोक (कार्बनचा साका) होतो. त्यात तुम्ही ॲसिडने धुतलंत म्हणजे थरांमधलं मॅग्नेशियम, लोह, ॲल्युमिनियम निघून एरिया वाढला खरा पण आम्लतापण वाढली. आधी निकेल न चढवता नुसत्या मातीवर रन घ्या, हे कुणी करत नाही आणि मग महिनाभर निकेललाच दोष देत बसतात. तिथेही इथिलीन आलं तर निकेलच्या आधी मॅग्नेशियम किंवा लँथॅनम ऑक्साइड चढवा.

दुसरं उत्तर: वरचं पटलं, पण अजून एक. बेंटोनाइटमधलं मुख्य थरांचं खनिज, मॉन्टमोरिलोनाइट, तापलं की थरांमधलं पाणी उडून थर एकमेकांवर बसतात, निकेल आत जातच नाही, बाहेर त्याचे मोठे गोळे होतात आणि मोठ्या कणांवर कार्बनचे धागे जोरात वाढतात. तुमचा भुगा फुगतो तो त्यानेच. थरांमध्ये १३ ॲल्युमिनियम अणूंचा मोठा आयन घालून भाजलं तर थरांना वेगळं धरणारे ऑक्साइडचे टेकू उभे राहतात. एवढा खटाटोप नको असेल तर सेपिओलाइट ही दुसरी माती वापरून बघा, तंतुमय असते, मुळातच मॅग्नेशियमवाली. मला स्वतःला हॅलोयसाइट ही नळ्यांची माती जास्त आवडते, तिच्या नळ्या आतून साधारण १० ते २० नॅनोमीटरच्या, निकेल आत बसवता आलं तर कणांना वाढायला जागाच नाही. आणि पाणी किती सोडताय? एका इथेनॉलला तीन पाणी हा नुसता हिशोब झाला (त्यातून सहा हायड्रोजन), कोक आवरायचा तर त्याहून बरंच जास्त लागतं.

प्रश्नकर्ता: पाणी मोजून तीनच सोडत होतो 🙏 नुसत्या मातीचा रन आत्ताच संपला, निकेलचा कणही नव्हता तरी गॅस तपासणीच्या आलेखात इथिलीनचा पीक तसाच उंच. आता न धुतलेली माती घेतो, मॅग्नेशियम चढवतो, पाणी दुपटीने वाढवतो.

उत्तर: तिन्ही एकदम बदलू नका हो, कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि सगळे रन एकाच पोत्यातल्या मातीवर घ्या, नैसर्गिक मातीत लोहाचं प्रमाण खाणीतल्या जागेप्रमाणे बदलतं.