जपानमध्ये पाहिलेले खेळ आणि खेळ बघणारे: तुमचे अनुभव

खडीसाखर
परवा मुंबई मॅरेथॉन झाली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर नेहमीचं रडगाणं सुरू. रस्ते बंद, टॅक्सी मिळेना, पळून काय मिळतं यांना. मला एकदम तोत्सुका आठवलं. योकोहामातलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे राहायचो.

दर २ आणि ३ जानेवारीला आमच्याजवळच्या रस्त्यावरून हाकोने एकिदेन जायची. १९२० पासूनची कॉलेजच्या पोरांची रिले शर्यत. टोकियोतल्या ओतेमाचीहून हाकोनेच्या आशी तळ्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी परत. दहा जण मिळून साधारण २१७ किलोमीटर. हातात दांडी नाही, खांद्यावरून तिरका घातलेला कॉलेजच्या रंगाचा कापडी पट्टा असतो, तासुकी. तो पुढच्याला द्यायचा.

नवीन वर्ष म्हणजे त्यांची दिवाळीच, तरी अख्खी आळी रस्त्यावर. शेजारच्या आजी घडीची खुर्ची टाकून, मांडीवर पांघरूण, कानाला रेडिओ. पहिल्याला टाळ्या, शेवटच्याला त्याहून जोरात. मला वाटलं कीव येत असेल. छे! परतीच्या दिवशी पहिल्या संघाच्या २० मिनिटं मागे पडलात तर तुमच्यासाठी थांबत नाहीत, पुढच्या गड्याला दुसरा पट्टा घालून सोडून देतात. मागचा जीव तोडून येतो तर समोर घ्यायला कुणी नाही. तर या आजी घड्याळ बघून शेवटच्या पोराला "अजून दोन मिनिटं आहेत!" असं बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. त्या कॉलेजशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

तुम्ही काय पाहिलंत? लिहा.

उनाड पाऊस
मस्त धागा. पण पेडर रोडवाल्यांवर अन्याय करू नका हं, तिथले लोक सकाळी संत्री-बिस्किटं घेऊन उभे असतात. मी खाल्लीत. तुमच्या ग्रुपवरचे मेंबर तिथले नसावेत :)

खडीसाखर
@उनाड पाऊस, नाहीत. ठाण्याचे आहेत. हाहा.

दुसरी पाळी
कोशिएन!! कुणी लिहिलं नाही अजून? नाईट शिफ्ट संपवून आलोय, थोडक्यात लिहितो. (नाही जमणार थोडक्यात.)

शाळकरी मुलांचं बेसबॉल, ऑगस्टचं रणरणतं ऊन, ओसाकाजवळ निशिनोमियाला १९२४ सालचं मैदान. ४९ शाळा. प्रत्येक प्रांताची एक, टोकियो आणि होक्काइदोच्या दोन-दोन. एक मॅच हरलात की घरी. सामना सुरू होताना आणि संपताना भोंगा वाजतो, गिरणीचा वाजायचा तसा. संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर वाकून नमस्कार करतात, मग जिंकलेल्या शाळेचं गीत. हरलेली पोरं गुडघ्यावर बसून मैदानातली माती पिशवीत भरतात, रडत रडत. शेजारी बसलेले काका, कुठल्याच शाळेचे नाहीत, तेही रडत होते. मग डोळे पुसले आणि पुढच्या मॅचसाठी बर्फाचे तुकडे विकत घेऊन आले.

२०१८ ला आकिताची एक शेतकी शाळा फायनलला पोचली होती, कानाआशी नोग्यो. सगळी गावातलीच मुलं. शाळेचं गीत म्हणताना पाठ मागे वाकवून आभाळाकडे तोंड करून गायची. फायनलला ओसाका तोइनने १३-२ असं धुतलं. पण त्या ऑगस्टमध्ये ऑफिसात जो तो त्यांचंच बोलत होता.

आजीबाईंचा बटवा
त्याच शाळेच्या पिचरने त्या स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. एकट्याने. मी फिजिओ आहे, मला ते बघून रडू नाही आलं, राग आला. सतरा-अठरा वर्षांचा खांदा तो. नंतर आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली २०२० पासून, आणि उन्हामुळे पाचव्या डावानंतर दहा मिनिटं थंडाव्याची सुट्टी २०२३ पासून. उशिरा सुचलेलं शहाणपण. प्रेक्षकांना त्याग बघायला आवडतो आणि त्याचं बिल पोरांच्या सांध्यांवर फाटतं, हे माझं स्पष्ट मत.

दुसरी पाळी
@बटवा पटलं. तरी ऑगस्टमध्ये टीव्ही लावणार, काय करू.

कोल्हापुरी ठसका
सुमो. र्योगोकुला, टोकियोत. चौघांच्या चौकोनी खणात मांडी घालून बसलो, माझ्या गुडघ्यांनी तिसऱ्या कुस्तीला राजीनामा दिला. मीठ फेकणं, बसणं, उठणं, परत मीठ, आणि कुस्ती दहा सेकंदांत खलास. खासबागेत हलगी ऐकत वाढलेला माणूस मी, जिंकल्यावर शड्डू नाही, खांद्यावर घेऊन मिरवणूक नाही, हे पचेना. जिंकलेल्याच्या चेहऱ्यावर तर माशीसुद्धा हलत नाही.

पण त्या दिवशी योकोझुना, म्हणजे सगळ्यात वरच्या मानाचा पैलवान, हरला! आणि इतका वेळ शिस्तीत बसलेल्या मंडळींनी बसायच्या गाद्या उचलून आखाड्याकडे भिरकावल्या. माझ्या डोक्यात एक बसली. फेकू नका म्हणून लाऊडस्पीकरवर सांगतात, कोण ऐकतंय. फुकुओकाच्या स्पर्धेत म्हणे गाद्या एकमेकींना जोडूनच ठेवतात, फेकता येऊ नयेत म्हणून.

चहाबिस्किट
सुमो म्हटलं की मला २०१८ चा माइझुरु शहरातला प्रसंग आठवतो. आखाड्यावर महापौर कोसळले, प्रेक्षकांतून बायका धावल्या आणि छातीवर दाब द्यायला लागल्या, तर माइकवरून घोषणा, "महिलांनी आखाड्यातून खाली उतरावं". नंतर सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली. बायकांनी आखाड्यावर चढायचं नाही, हा नियम अजून तोच.

कोल्हापुरी ठसका
हो, ते वाचून सगळा मूड गेला होता.

लेकुरवाळी
मुलीला झोपवता झोपवता टाइप करतेय, चुका चालवून घ्या.

टोकियोतल्या एदोगावाला होतो आम्ही. शाळेचा उन्दोकाई म्हणजे स्पोर्ट्स डे. लाल आणि पांढरा असे दोनच गट, अख्खी शाळा वाटलेली. उंच खांबावर टोपली, त्यात सगळ्यांनी मिळून चेंडू फेकायचे. मग मोजणी: एकेक चेंडू आभाळात उडवत सगळे एका सुरात मोजतात. ज्यांचा आकडा आधी संपतो ते पण टाळ्या देतात. आई-बाप पहाटेच सतरंजीची जागा धरायला हजर. मी डब्यात थेपले नेले होते, शेजारणीला फार आवडले, मी रेसिपी दिली, तिने पुढच्या आठवड्यात मेथीऐवजी कसलातरी पाला घालून करून आणले. बरे होते!! आता म्हणे बऱ्याच शाळांत अर्ध्या दिवसात उरकतात, डब्याची मजाच गेली.

उनाड पाऊस
कसला पाला?

लेकुरवाळी
शुंगिकु. शेवंतीच्या जातीची भाजी. मिळाली तर करून बघा.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय. मुलगा केंदो शिकायचा, बांबूच्या तलवारीचा खेळ. त्यात गुण मिळाल्यावर मुठी आवळून नाचलात तर गुण परत काढून घेतात. प्रेक्षकांनी पण फक्त टाळ्या, आरडाओरडा नाही. आपल्या पालकांना हॉलबाहेर ठेवावं लागेल.

दुसरी पाळी
याच्या बरोब्बर उलट: टोकियोतलं जिंगु स्टेडियम, याकुल्ट स्वॅलोज हा बेसबॉल संघ. रन झाला की हजारो लोक छोट्या छत्र्या उघडून नाचतात, पाऊस नसताना. प्रत्येक बॅटरचं वेगळं गाणं, बँडसकट. आणि समोरचा संघ बॅटिंगला आला की आपले लोक शांत बसून जेवतात! पाठीवर बिअरचं पिंप घेऊन पायऱ्या चढणाऱ्या मुलींचा दम बघता सुवर्णपदक त्यांनाच द्यावं.

चहाबिस्किट
कचरा उचलतात यावर कुणीच नाही? रशियात २०१८ च्या फुटबॉल वर्ल्डकपला जपानचा संघ बेल्जियमकडून ३-२ हरला, तरी त्यांची लॉकर रूम चकाचक, वर रशियनमध्ये 'धन्यवाद'ची चिठ्ठी.

आजीबाईंचा बटवा
तो फोटो माझ्याकडे दरवर्षी फॉरवर्ड होऊन येतो. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशीचा टोकियोतल्या शिबुयाचा कचरा कुणी फॉरवर्ड करत नाही. माणसंच आहेत हो ती.

कोल्हापुरी ठसका
अवांतर: जपानी पोरं कबड्डी पण खेळतात. २०१० च्या ग्वांगझू एशियाडला ब्राँझ घेतलं होतं. प्रो कबड्डीत पण खेळलेत.

उनाड पाऊस
मार्चमध्ये ओसाकाला चाललोय ऑफिसच्या कामाने. सुमो बघायला मिळेल का? आणि शाकाहारी काय मिळतं आत?

कोल्हापुरी ठसका
मार्चची स्पर्धा ओसाकालाच असते, पंधरा दिवस. तिकिटं झटकन संपतात, आत्ताच बघा. मांडी घालता येत नसेल तर वरच्या मजल्यावरची खुर्ची घ्या. शाकाहारीचं लेकुरवाळींना विचारा.

लेकुरवाळी
थेपले न्या.