मदत हवी आहे: हेडशेल बदललं आणि वूफर धापा टाकायला लागला. कार्ट्रिज बदलू का?

नमस्कार मंडळी,

आमचं घर म्हार्दोळला, जुनं, वरच्या मजल्याला फळ्यांची जमीन. काका बोटीवर होते, त्यांनी १९८४ साली टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ हा टर्नटेबल आणला होता. ते गेल्यावर तो कापडाखाली पडून राहिला. गेल्या वर्षी मी तो उघडला तेव्हा कार्ट्रिजमधलं (सुई जिच्यात बसते ती डबी) रबर कडक होऊन सुईची दांडी हलतच नव्हती. म्हणून ऑर्टोफॉन २एम रेड बसवली. सहा महिने फार सुंदर वाजली.

मग एका दुकानदाराने सांगितलं की लाकडी हेडशेल (आर्मच्या, म्हणजे सुई नेणाऱ्या हाताच्या, टोकाला कार्ट्रिज धरणारा तुकडा) लावा, आवाज भरीव होतो. लावलं. आर्म तोलताना मागच्या वजनाला जादा वजन जोडावं लागलं, तेव्हाच शंका यायला हवी होती. आता अभिषेकीबुवांची रेकॉर्ड लावली की गाणं सुरू होण्याआधीच वूफरचा पडदा आतबाहेर हलत राहतो. रेकॉर्ड किंचित वाकलेली आहे (माळ्यावर, कौलांखाली दोन मे महिने काढले तिने), आणि नेमकी त्या उंचवट्यावर सुई उडते. कोणी खोलीत चाललं तरी उडते. दुकानदार म्हणतात, सुईवरचा भार अडीच ग्रॅम करा. मी अजून १.८ वरच ठेवला आहे.

सोनाराच्या काट्यावर वजनं करून आणली: मूळ हेडशेल ७.५ ग्रॅम, लाकडी १२.५, स्क्रू-नट ०.८. ॲम्प्लिफायरला फक्त एमएम फोनो आहे (रेडसारख्या, चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजसाठीची जोडणी). डेनॉन डीएल-१०३ ही कार्ट्रिज घ्यावी असं मनात आहे. चवथीला सगळी भावंडं येतात, काकांच्या रेकॉर्डी त्यांना काकांच्याच मशीनवर ऐकवायच्या आहेत. काय करू?

प्रतिसाद, मडगाव

भार अडीच ग्रॅम करू नका. २एम रेडची मर्यादा १.६ ते २.० आहे, १.८ अगदी बरोबर. भार वाढवून दुखणं जात नाही, दांडीचं रबर मात्र बसतं.

खरी गोष्ट वजनाची आहे. आर्म आणि कार्ट्रिज मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखे वागतात. सुईची दांडी ही स्प्रिंग, तिची लवचीकता म्हणजे कंप्लायन्स. प्रत्येक जोडीचा स्वतःचा एक झोका असतो आणि तो ८ ते १२ हर्ट्झमध्ये (सेकंदाला ८ ते १२ हेलकावे) पडायला हवा. त्याखाली वाकलेल्या रेकॉर्डीचे आणि पावलांचे हेलकावे आहेत, २० हर्ट्झच्या वर संगीत आहे. मधल्या मोकळ्या जागेत झोका राहिला की कोणी त्याला ढकलत नाही.

हिशेब असा: एकूण वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला कंप्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा, १५९ ला त्याने भागा. तुमच्या आर्मचं परिणामी वजन (सुईला हलवताना जाणवणारं) मूळ हेडशेल धरून १२ ग्रॅम. कार्ट्रिज ७.२, स्क्रू ०.८, झाले २०. रेडची कंप्लायन्स २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर ८ हर्ट्झ. म्हणजे उंबरठ्यावर, पण आत. लाकडी हेडशेलने ५ ग्रॅम वाढवले, आणि ते सुईच्याच टोकाशी, म्हणून जवळजवळ पूर्ण मोजायचे. २५ गुणिले २०, पाचशे. उत्तर ७.१. उंबरठा ओलांडून बाहेर. मागचं जादा वजन धरलं तर आणखी थोडं खाली.

कार्ट्रिजला दोष देऊ नका. मूळ हेडशेल परत लावा, फुकटचं काम आहे. लावताना सुईच्या टोकापासून हेडशेलच्या मागच्या रबरी वायसरपर्यंत ५२ मिमी मोजा, मग आर्म नव्याने तोला.

प्रतिसाद, म्हापसा

वरच्यांशी सहमत. एक भर: ८ ला ती जोडी काठावरच आहे, आणि तुमची जमीन फळ्यांची. आमच्याकडेही तेच होतं. टर्नटेबल टेबलावरून काढून चिऱ्याच्या भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवला, पावलांचा त्रास तिथेच संपला. पावसाळ्यात बुरशी धरलेल्या रेकॉर्डी धुतल्याशिवाय सुईखाली घालू नका, हेही सांगून ठेवतो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पण आकड्यांत अडलो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजची कंप्लायन्स ७ लिहिली आहे, डेनॉनची ५. ऑर्टोफॉनची २०. एवढा फरक? ५ घालून केलं तर मूळ हेडशेलवरही डेनॉन १५ च्या वर जाते, मग लोक ती या आर्मवर वापरतात कशी?

प्रतिसाद, मडगाव

इथेच बहुतेक जण फसतात, मीही दोन वर्षं फसलेलो होतो. ५ आणि ७ हे आकडे १०० हर्ट्झला मोजलेले आहेत, जपानी कंपन्यांची ती पद्धत. आपल्याला हवा तो १० हर्ट्झच्या आसपासचा. रबर सावकाश हललं की जास्त लवतं, म्हणून खाली आकडा मोठा होतो. साधारण दीड ते दोन पट धरतात. हा अंदाजच आहे, प्रत्येक रबर वेगळं. काही पानांवर स्थिर (सुई न हलवता, नुसती दाबून मोजलेल्या) कंप्लायन्सचाही आकडा असतो, तो या हिशेबात घालायचा नाही.

१.७ पट धरून ऑडिओ-टेक्निकाची झाली १२. तिचं वजन ६.१. मूळ हेडशेलवर १०.६ हर्ट्झ, तुमच्या लाकडी हेडशेलवर ९.४. दोन्हीकडे आरामात बसते. लाकडी हेडशेल ठेवायचंच असेल तर ही घ्या. डेनॉन ८.५ ग्रॅमची, कंप्लायन्स साडेआठ धरली तर लाकडीवर १०.६. जड हेडशेल तिला मानवतं ते यामुळेच. पण ती एमसी आहे (चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलतं), ०.३ मिलीव्होल्ट देते. रेड ५.५ देते. तुमच्या एमएम फोनोवर तिचा आवाज अगदीच क्षीण येईल, वेगळा फोनो घ्यावा लागेल. चवथीच्या आधी या खर्चात पडू नका.

मूळ प्रश्नकर्ता, चार दिवसांनी

मूळ हेडशेल लावलं, ५२ मिमी मोजलं, जादा वजन काढलं, भार १.८. तीच रेकॉर्ड लावली. पडदा अजून हलतो, पण अगदी बारीक, आणि उंचवट्यावर सुई उडत नाही. पहिली बाजू अखंड ऐकली, आई दारात उभी राहून ऐकत होती.

कोणी चाललं की मात्र अजून उडते. सुतार रविवारी भिंतीत फळी ठोकायला येतो आहे. म्हापशाच्या दादांना एकच विचारायचं आहे: चिऱ्यात खिळा धरत नाही, भुसा होतो. तुम्ही कंस कसे बसवलेत? सिमेंट भरून की नुसत्या लांब बोल्टने?

देव बरें करूं.

प्रतिसाद, म्हापसा

चिऱ्यांच्या सांध्यात ठोकू नका, चिऱ्याच्या मधोमध खोल भोक पाडा, भुसा फुंकून काढा, पाणी मारा, सिमेंट भरून त्यात बोल्ट बसवा. आठवडाभर त्यावर काही ठेवू नका. पावसात वाळायला वेळ लागतो, तेव्हा या रविवारीच उरका.