गुन्हे वाढले की छापे?
वरच्या प्रतिसादात, अमली पदार्थांचे नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे धोरण फसले, असा निष्कर्ष काढला आहे. तो घाईचा वाटतो. चोरी झाली की फिर्यादी स्वतः ठाण्यात येतो, इथे मात्र विकणारा आणि घेणारा दोघेही गप्प असतात, त्यामुळे पोलिसांनी शोधला तरच गुन्हा कागदावर येतो आणि वाढलेला आकडा पुष्कळदा वाढलेल्या छाप्यांचाच असतो. लोक स्वतःहून फिर्याद देतात त्या घरफोड्यांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय त्यातून फारसे काही कळत नाही.

शिवाय १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात (एनडीपीएस) २००१ साली मात्रेनुसार शिक्षेची दुरुस्ती झाली, हे चर्चेत आलेच नाही. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅमपर्यंत, व्यापारी मात्रा २५० ग्रॅमच्या वर. काही वर्षांपूर्वी इंदुरात एका जप्तीत मी पंच होतो. सराफ्यातून मागवलेल्या सोन्याच्या काट्यावर पुडी ४ ग्रॅमच्याही आत भरली, आणि तो पोरगा (विशीचाही नसेल) काट्याकडे न बघता स्वतःच्या थरथरत्या हातांकडे बघत होता. त्याचीही नोंद आकड्यात एकच गुन्हा म्हणून झाली. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प मात्रेच्या खटल्यातून सूट देणारे कलम ६४-अ त्याच कायद्यात आहे, पण माझ्यादेखत तरी ते त्याला कोणी सांगितले नाही.