बी.टेक. जेनेटिक इंजिनिअरिंग घ्यावं, की बीएस्सी बायोटेक करून एमएस्सी?

पेशीकेंद्र:
बारावी पीसीबीने झाली, गणित नव्हतं. नीटचे गुण एमबीबीएसला पुरणार नाहीत आणि नाइलाजाने बीडीएस करायचं नाही. जनुकांवर काम करायचं हे नक्की. दोन पर्याय आहेत: चेन्नईजवळच्या एसआरएममध्ये चार वर्षांचं बी.टेक. जेनेटिक इंजिनिअरिंग, किंवा पुण्यात बीएस्सी बायोटेक्नॉलॉजी आणि मग एमएस्सी. घरचे विचारतात की पदवीनंतर नोकरी नेमकी कुठे आणि कसली? पीएचडीशिवाय या क्षेत्रात काहीच नाही, असंही ऐकलं. जाणकारांनी कृपया सांगावं.

डाउनस्ट्रीम:
पीएचडीशिवाय काहीच नाही, हे खरं नाही. पण पदवीवर मिळणारं काम आणि तुझ्या मनातलं काम यांत बरंच अंतर आहे.

कंपनीत जनुक जोडण्याचं काम मोजकी माणसं करतात. जनुक पेशीत बसलं, चांगला क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेल्या पेशी) निवडला, सेल बँक (त्या पेशींचा साठा) गोठवून ठेवली, की पुढे वर्षानुवर्षं त्याच पेशी वापरतात. बाकी सगळं मनुष्यबळ त्यानंतरच्या कामाला लागतं. अपस्ट्रीमवाले बायोरिअ‍ॅक्टरमध्ये पेशी वाढवतात. पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, ग्लुकोज यांवर सतत नजर. डाउनस्ट्रीमवाले क्रोमॅटोग्राफीने प्रथिन शुद्ध करतात. अँटिबॉडी असेल तर बहुधा पहिला कॉलम अँटिबॉडीला धरून ठेवणाऱ्या प्रोटीन-ए चा. आणि क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी: एचपीएलसी (शुद्धता बघायला), एलायझा (प्रथिन मोजायला), एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) चाचणी. पुण्याच्या आसपास सीरम, जेनोव्हा, एनझीन, ल्युपिनचा बायोटेक विभाग. बाहेर बंगळुरूत बायोकॉन, अहमदाबादेत इंटास. पदवीधरांना जागा असतात त्या मुख्यतः उत्पादन आणि क्यूसीमध्ये.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: नमुन्याचा निकाल मर्यादेबाहेर गेला तर काय कराल? "पुन्हा चाचणी करून बरोबर आलेला आकडा लिहीन" असं उत्तर दिलं की विषय संपला. आधीचा निकाल पुसायचा नसतो. उपकरण, स्टँडर्ड, डायल्यूशन, गणित असा क्रमाने तपास करायचा, सगळं नोंदवायचं आणि क्यूएच्या (गुणवत्ता हमी विभागाच्या) मंजुरीनंतरच फेरचाचणी. हे पुस्तकात क्वचित सापडतं, पण नोकरी यावरच मिळते.

संशोधनात जायचं असेल तर एक फरक महत्त्वाचा. सीएसआयआर-नेट ही संशोधनवृत्तीसाठीची राष्ट्रीय परीक्षा चार वर्षांच्या बी.टेक.ला ५५ टक्के गुणांवर थेट देता येते. तीन वर्षांच्या बीएस्सीला आधी एमएस्सी लागते. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीलाही आता वाट मोकळी झाली आहे, मात्र ७५ टक्के हवेत. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे, दोन वर्षांनी एसआरएफचे (सिनिअर फेलोशिपचे) ४२,०००.

अगारोज:
गणित नव्हतं म्हणतोस म्हणून आधी तेच. पीसीबीवर बी.टेक.ला प्रवेश मिळाला तरी कलन आणि रेषीय बीजगणित सुटत नाही. गेटच्या (एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेच्या) बीटी, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी पेपरमध्येही इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स आहे. त्याची धास्ती असेल तर गेटचा एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपर बघ: रसायनशास्त्र सक्तीचं, शिवाय बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी वगैरेंतले कोणतेही दोन. बीएस्सीच्या वाटेने आयआयटी-जॅमचा बायोटेक्नॉलॉजी पेपर आणि गॅट-बी, या एमएस्सी प्रवेशाच्या दोन्ही परीक्षांची तयारी दुसऱ्या वर्षापासून कर.

आता कॉलेजबद्दल. पदवीचं नाव काय यापेक्षा मुलांच्या हातात मायक्रोपिपेट किती वेळा येते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रवेशाआधी कॉलेजात जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचार, "ट्रान्सफॉर्मेशन (बाहेरचा डीएनए जिवाणूत घालणं) स्वतः केलंस की लांबून पाहिलंस?" पीसीआर मशिनशेजारची नोंदवही उघडून बघ. महिनोन्महिने नोंद नसेल तर ते मशिन तपासणी समितीला दाखवण्यापुरतं आहे.

ट्रान्सफॉर्मेशनचंच का विचारायचं, ते सांगतो. काँपिटंट पेशी (डीएनए आत घेऊ शकणारे जिवाणू) बर्फावर वितळवायच्या, ५० मायक्रोलिटरमध्ये लिगेशनचं (डीएनए जोडणीचं) मिश्रण जास्तीत जास्त ५ मायक्रोलिटर, ३० मिनिटं बर्फात, ४२ अंशांवर ४५ सेकंद, लगेच परत बर्फ, मग एसओसी (पोषक द्रव) घालून ३७ अंशांवर तासभर आणि शेवटी अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर. वाचायला सोपं, पण प्रत्येक पायरीवर घोळ होतो. पेशी हातात धरून वितळवल्या की निम्मी क्षमता तिथेच गेली. अगार कडकडीत गरम असताना अँपिसिलिन घातलं तर ते निकामी होतं आणि प्लेटभर सगळंच उगवतं. भांडं हाताला सोसवेल इतकं, ५० अंशांच्या आसपास, येऊ द्यायचं.

प्लेट १६-१८ तासांनी बाहेर काढायची. जास्त ठेवली की मोठ्या वसाहतीभोवती बारीक बारीक वसाहतींची नक्षी दिसते. मोठीतून बाहेर पडणारं बीटा-लॅक्टमेज हे विकर आजूबाजूचं अँपिसिलिन फोडतं, म्हणून प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) नसलेल्या पेशीही तिथे वाढतात. त्या उचलल्या तर मिनिप्रेपमध्ये (प्लाझ्मिड वेगळं काढताना) हाती काही लागत नाही. शिवाय दोन कंट्रोल हवेतच: पीयूसी१९ हे तयार प्लाझ्मिड घातलेली प्लेट (पेशी चांगल्या आहेत का) आणि लायगेज हे डीएनए जोडणारं विकर न घातलेली (व्हेक्टर, म्हणजे ज्यात जनुक बसवायचं ते प्लाझ्मिड, पूर्ण कापला गेला का). दुसरीवरही तेवढ्याच वसाहती आल्या तर दोष कापण्यात आहे, जोडण्यात नाही.

हे ज्याला समजावून सांगता येतं त्याला कोणतीही प्रयोगशाळा घेते. सुट्टीत विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप मिळव. एनसीसीएस, आघारकर, आयसर, एनसीएल या सगळ्या संशोधन संस्था पुण्यातच आहेत. पुण्याच्या पर्यायाची ही जमेची बाजू कमी लेखू नकोस.

पेशीकेंद्र:
खूप आभार. प्रयोगशाळेपेक्षा संगणकावरचं काम जमलं तर? आणि शेतीकडे काही वाव आहे का?

मार्कर:
दोन्हींना वाव आहे. रोगनिदान करणाऱ्या प्रयोगशाळांत सिक्वेन्सिंगच्या (डीएनएचा क्रम वाचण्याच्या) माहितीतून बदल शोधणारी आणि तो बदल रोगकारक आहे का, हे एसीएमजी या अमेरिकी वैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या निकषांवर ठरवणारी माणसं लागतात. त्यासाठी लिनक्सची कमांड लाइन, पायथन किंवा आर, आयजीव्ही (सिक्वेन्स पाहायचं सॉफ्टवेअर), क्लिनव्हार (जनुकीय बदलांचा माहितीसाठा) हे सराईतपणे यायला हवं. पण नुसती सॉफ्टवेअर चालवणारे पुष्कळ आहेत. नमुना दूषित झाला, की खरोखरच बदल आहे, हे ओळखायला जीवशास्त्र पक्कं लागतं.

शेतीत जालना हे बियाणे कंपन्यांचं गाव. २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस तिथल्याच महिकोचा. २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली आणि पुष्कळ काम थंडावलं. मात्र २०२२ मध्ये परकं जनुक न उरणाऱ्या जनुक-संपादित वाणांना जाचक नियमांतून सूट मिळाली आणि २०२५ मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीर झाले. मला तरी पुढची दहा वर्षं या बाजूला आशादायक वाटतात. आज रोजचं काम आहे ते मार्करचं, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणांचं. संकरित बियाण्याची शुद्धता शेतात लावून तपासायची तर हंगाम जातो. एसएसआर (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) मार्करने तेच काही दिवसांत कळतं. इकडे यायचं असेल तर लातूरच्या कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयाचं बी.टेक. हा तिसरा पर्यायही यादीत धर.

डाउनस्ट्रीम:
दोन गोष्टी राहिल्या. सरकारी जाहिरातींत पात्रता नावानिशी लिहिलेली असते. अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत बायोटेक्नॉलॉजी आहे, जेनेटिक इंजिनिअरिंग हे नाव नाही. अशा वेळी विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र आणावं लागतं, म्हणून ते मिळतं का, हे प्रवेशाआधीच लेखी विचार. दुसरं, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती परराज्यातल्या खासगी विद्यापीठाला लागू होत नाही. चेन्नईचा हिशेब मांडताना पूर्ण फी, वसतिगृह आणि मेस, हे सगळं चार वर्षांचं धर.