1914 चं युद्ध: चाळीस वर्षांचं दुखणं की पाच आठवड्यांचा आडमुठेपणा?

सड्यावरचा
आमच्या गावात जुन्या चावडीच्या भिंतीत एक दगड आहे. इंग्रजीत कोरलंय: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धावर इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. नावं नाहीत, नुसते आकडे. शिमग्याला गेलो होतो तेव्हा पुतण्याने विचारलं, भांडण जर्मनी-इंग्लंडचं, मग आपली माणसं कशाला गेली? पालखी यायला वेळ होता, म्हणून सांगत बसलो.

माझ्या मते बी पडलं ते 1871 ला. जर्मनी एक झाला आणि त्याने फ्रान्सकडून अल्सास-लोरेन घेतलं. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने रशियाला हाताशी धरून फ्रान्सला एकटं पाडलं होतं. 1890 ला बिस्मार्क पदावरून गेला, रशियाशी असलेला करार कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, पुढे चालवला नाही, आणि 1894 पर्यंत फ्रान्स-रशिया एक झाले. तरी इंग्लंड बाहेरच होतं. त्याला आत ओढलं जर्मनीच्या 1898 च्या आरमार कायद्याने. धान्य समुद्रावरून आणणाऱ्याच्या दारात कोणी लढाऊ जहाजं उभी करायला लागला तर त्याला झोप लागेल का? किनाऱ्यावरच्यांना हे वेगळं सांगायला नको.

1906 ला इंग्लंडची नव्या धर्तीची युद्धनौका ड्रेडनॉट पाण्यात उतरली. पुढे इंग्लंडने नव्या युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालवायचं ठरवलं. तेल इराणचं, म्हणून 1914 ला सरकारने तिथल्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर घेतले. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरल्यावर नोव्हेंबरात हिंदी फौज इराकमधल्या बसऱ्यावर चालून गेली. त्या मोहिमेतल्या 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी पुढे तिथल्याच कूट गावाला पडलेल्या तुर्की वेढ्यात अडकल्या. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. म्हणजे बर्लिनमधल्या आरमाराच्या हट्टाची झळ आमच्या वाडीपर्यंत आली.

कातळशिल्प
तेलाची साखळी झकास, पण युद्ध कुठे पोचलं एवढंच तिच्यातून कळतं. पेटलं का, ते नाही. आरमाराच्या शर्यतीत 1912 पर्यंत जर्मनी मागे पडला होता, पैसा पायदळाकडे वळला होता. आणि अल्सास? जुलै 1914 मध्ये पॅरिसचे पेपर एका माजी पंतप्रधानाच्या बायकोने संपादकाला गोळी घातली त्या खटल्यात रंगले होते.

आधीचे पेच बघा: मोरोक्को 1905 आणि 1911, बोस्निया 1908, बाल्कन 1912-13. तुमची सगळी मूळ कारणं दर वेळी हजर होती, तरी महायुद्ध झालं नाही. गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, आमच्याकडे तीन पिढ्या कोर्टात जातात. कधी डोकं फुटलंच तर पोलीस आधी विचारतात, काठी कोणी उचलली. पणजोबांच्या वाटण्या नंतर. इथे 28 जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, ऑस्ट्रियाने बोट सर्बियाकडे दाखवलं, आणि 5 जुलैला बर्लिनने ऑस्ट्रियाला काहीही कर म्हणून मोकळं सोडलं. 23 ला सर्बियाला खलिता, मुदत 48 तास. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी 28 ला युद्ध पुकारलं. ही माणसांनी केलेली निवड आहे, नशीब नव्हे.

पेज_आणि_लोणचा
गडग्याचा उदाहरण बरा आसा. पण इंग्लंडचो राजा जॉर्ज आणि कैसर आते-मामेभाव, जॉर्ज आणि रशियाचो झार मावसभाव. ही भाऊबंदकी नाय, ही सोयरीक! आणि पुतण्याक खरा सांगा मरे. आमच्या पणज्याक कैसर कोण ता ठावक नव्हता. कातळावर भात पिकता किती? पलटणीत पगार होतो, म्हणान गेलो.

निवृत्त_पॉइंट्समन
दोघंही रेल्वे विसरलात. जर्मनीचा आराखडा असा, की रशिया फौजेची जमवाजमव सावकाश करेल, तोवर बेल्जियममधून फ्रान्स उरकायचा. मग रशियाने जमवाजमव सुरू केली की जर्मनीला थांबायला वेळच नाही. झारने 29 जुलैच्या रात्री पूर्ण जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला होता, दुसऱ्या दिवशी सेनापतींच्या आग्रहावरून परराष्ट्रमंत्र्याने तो पुन्हा मिळवला. एकेरी मार्गावर एक गाडी अडली की पुढची क्रॉसिंगं कशी कोलमडतात ते मी आयुष्यभर पाहिलंय. हजारो गाड्यांचं वेळापत्रक ऐनवेळी कोण बदलणार?

सड्यावरचा
बघा! तो आराखडा काही जुलैत लिहिलेला नाही. फ्रान्सच्या कर्जावर रशियाचे लोहमार्ग वाढत होते, आणि 1917 नंतर रशिया आवरणार नाही ही धास्ती जर्मन सेनापतींना होती. आज नाही तर कधीच नाही, असं वाटण्यामागे वीस वर्षं आहेत.

कातळशिल्प
धास्ती मान्य. पण धास्ती इंग्लंडलाही होती आणि तरी ते 4 ऑगस्टपर्यंत थांबलं, बेल्जियममध्ये फौज शिरेपर्यंत. वेळापत्रकाचं म्हणाल तर ते कोणी देवाने लिहिलेलं नव्हतं. फ्रान्सला वगळून नुसतं रशियावर जायचं का, असं कैसरने 1 ऑगस्टला विचारलंच होतं. त्याचा सरसेनापती मोल्टके नाही म्हणाला.

निवृत्त_पॉइंट्समन
कारण गाड्या सुटल्या होत्या!

पेज_आणि_लोणचा
तुमचा चालू द्या. दगडावर आकडो कितीचो, ता कोणीच सांगूक नाय.

सड्यावरचा
शेवाळ चढलंय, दुसरा आकडा नीट वाचता येत नाही. मे महिन्यात घासून काढतो आणि फोटो टाकतो. आरमाराबद्दल मात्र मी हललेलो नाही.