मदत हवी आहे: सावंतवाडीत जुनी पितळी भांडी, लाकडी सामान कुठे बघू?

मंडळी, पुढच्या रविवारी आम्ही दोघी बहिणी रत्नागिरीहून गाडी घेऊन सावंतवाडीला जातोय, सकाळी लवकर निघून रात्री परत. चितार आळीतली लाकडी खेळणी, फळं माहितीयेत, ती घेऊच, आणि राजवाड्यात गंजिफा (खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते) बनवताना बघायच्या आहेत पण त्या हाताने रंगवलेल्या असल्यामुळे खिशाला झेपतील असं वाटत नाही 😅

खरी शोधाशोध जुन्या सामानाची आहे. घंगाळ, जुनी समई, कडीचे डबे, मिळालाच तर सागवानी पाट. शोरूममधलं मुद्दाम काळं करून 'अँटिक' म्हणून विकतात ते नको, त्यापेक्षा पोचे आलेलं पण वापरातलं भांडं बरं. भांडीवाले मोडीत घेतलेली जुनी भांडी परत विकतात का तिथे, की भंगारवाल्याकडेच जावं लागेल? आणि भाव वजनावर सांगतात की नगावर, घासाघीस कितपत चालते? पितळ म्हणून मुलामा दिलेलं लोखंड गळ्यात मारू नये म्हणून लोहचुंबक सोबत नेतेय, पण तांब्याला कल्हई करणारं कोणी अजून आहे का तिकडे?

रविवारी दुकानं बंद असतील तर आधीच सांगा, वार बदलू. कुडाळ, कणकवलीत वाटेत थांबण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.